भाच्याचा लेथ: दोन जुन्या यंत्रांतून एकाची निवड

भाच्याने घरच्या वर्कशॉपसाठी सेकंड हँड लेथ, म्हणजे धातूचा तुकडा फिरवत ठेवून तो टूलने कापणारं यंत्र, घ्यायचं ठरवलं, तेव्हा त्याच्यासमोर दोन यंत्रं होती. एक मोठा लेथ, नुकताच रंग दिलेला, रोज कामात असलेला. दुसरा त्याच्या निम्म्या आकाराचा, तेल आणि मळीने काळा पडलेला, काही वर्षं बंद. भाच्याचं मन पहिल्यावर बसलं होतं. "मामा, तुम्ही एकदा येऊन बघा, मग पैसे देतो," असं म्हणाला म्हणून मी डायल गेज (बारीक फरक मोजणारं काट्याचं उपकरण), तो धरणारा मॅग्नेटिक बेस आणि माझा तीन नंबर मोर्स टेपरचा, म्हणजे निमुळत्या शेपटीचा, टेस्ट बार पिशवीत घालून गेलो. शेवटी आम्ही दुसरा घेतला. का घेतला, आणल्यावर काय बिघडलं आणि ते कसं मार्गी लागलं, ते आकड्यांसकट लिहितो आहे. टूलरूममध्ये आयुष्य गेल्यामुळे मला एक ठाऊक आहे: नवखा माणूस जुन्या लेथमध्ये जे बघतो, त्यातलं बरंचसं दुरुस्त होण्यासारखं असतं, आणि जे दुरुस्त होत नाही ते त्याच्या नजरेतून सुटतं.

आधी त्याची गरज सांगतो. भाचा वाफेच्या इंजिनांची चालती मॉडेल्स बनवतो. त्याचं सगळ्यात नाजूक काम म्हणजे सिलिंडरचं बोअरिंग, म्हणजे आतलं भोक मापात कापणं, साधारण १०० मि.मी. लांबीचं. सगळ्यात लांब काम २०० मि.मी.चे शाफ्ट. आटे पाडायचे ते मेट्रिक. व्यास क्वचितच १०० मि.मी.च्या वर जातो. म्हणजे त्याला मोठं यंत्र नको होतं, लांबीभर सरळ चालणारं यंत्र हवं होतं. हे त्याच्याकडून मी कागदावर लिहून घेतलं. कागद हातात नसला की समोरचं यंत्र बघून गरज बदलते, आणि मग माणूस यंत्राला साजेशी कामं शोधत बसतो.

निघण्यापूर्वी त्याला दुसरीही एक गोष्ट समजावली. मोटर बदलता येते. जॉब, म्हणजे कापायचा तुकडा, पकडणारा चक नवा मिळतो. टूल आत-बाहेर नेणाऱ्या क्रॉस स्लाइडचा नट, सरकत्या भागांतला ढिलेपणा काढणाऱ्या गिबच्या पट्ट्या, बेअरिंग, तुटक्या दाताचं गिअर, सगळं वेळ देऊन घरी किंवा कोणाकडून करून घेता येतं. बेडचं, म्हणजे ज्या लांब पायावर सगळं सरकतं त्याचं, तसं नाही. बेड झिजला तर तो मोठ्या ग्राइंडिंग यंत्रावर न्यावा लागतो, नाहीतर आठवडेच्या आठवडे हाताने स्क्रेपिंग, म्हणजे खरवडून पृष्ठभाग सपाट करणं, करावं लागतं. आणि बेड ग्राइंड केल्यावर टूल घेऊन बेडवर सरकणारी कॅरेज तेवढी खाली बसते, मग आटे पाडताना तिला ओढणारा लीड स्क्रू आणि तिच्या पुढचा एप्रन यांची रेषा जुळत नाही, तीही पुन्हा जुळवावी लागते. म्हणून पहिला तास बेडला द्यायचा, बाकी सगळं नंतर.

पहिलं यंत्र

मोठ्या लेथचा मालक सरळ माणूस होता. त्याने लेथ चालू करून दाखवला, कट मारून दाखवला. गिअरचा आवाज सारखा होता, मधे टकटक नाही. रंगाबद्दल विचारलं तर म्हणाला, विकायचा म्हणून दिला. त्यात लपवालपवी काही नव्हती. पण रंग कधी बेडवर नसतो, त्यामुळे मी थेट बेडकडे वळलो.

कॅरेज टेलस्टॉकच्या, म्हणजे चकसमोर जॉबला आधार देणाऱ्या भागाच्या, टोकाला नेऊन बेड पुसून घेतला. टेलस्टॉककडच्या टोकाला स्क्रेपिंगच्या चंद्रकोरीसारख्या खुणा स्वच्छ दिसत होत्या. चकच्या बाजूला एकही नव्हती, आणि पुढच्या गाइडच्या (कॅरेज जिच्यावर सरकते त्या पट्टीच्या) कडेला नखाला लागेल अशी धार झाली होती. हे कुठल्याही जुन्या लेथवर थोडंफार दिसतंच, कारण बहुतेक जॉब आखूड असतात आणि कॅरेजचा सगळा जन्म चकपासून वीतभर अंतरात जातो. प्रश्न फक्त किती झिजलं एवढाच असतो.

त्यासाठी आधी ढोबळ चाचणी केली. चकजवळ कॅरेजची गिब आवळून घेतली, हाताने जेमतेम सरकेल इतकी, आणि कॅरेज टेलस्टॉककडे चालवली. अर्ध्या वाटेत ती अडकली. मग गिब पूर्ववत करून मॅग्नेटिक बेस कॅरेजवर लावला आणि डायलचं टोक बेडवरच्या अशा मशीन केलेल्या पट्टीवर टेकवलं, जिला कॅरेजही घासत नाही आणि टेलस्टॉकही नाही. ती पट्टी म्हणजे यंत्र नवं होतं तेव्हाची साक्ष. पुढच्या गाइडच्या बाजूने चकजवळ ०.१४ मि.मी. खड्डा निघाला, मागच्या बाजूने ०.०३.

भाच्याने तिथेच विचारलं, "०.१४ म्हणजे फार आहे का?" याचं उत्तर नुसत्या आकड्यात नाही, म्हणून त्याला कागदावर आकृती काढून दाखवली.

टूल सरळ खाली गेलं तर व्यासावर फारसा परिणाम होत नाही. २५ मि.मी. व्यासाच्या जॉबवर टूलचं टोक ०.१ मि.मी. खाली उतरलं, तर व्यासात पडणारा फरक ०.००१ मि.मी.पेक्षाही कमी. कारण टूल तिथे वर्तुळाला लागून खाली सरकतं, केंद्रापासून लांब जात नाही. तेच टूल आडवं, म्हणजे ऑपरेटरकडे, ०.१ मि.मी. सरकलं तर व्यास थेट ०.२ ने वाढतो.

आता या लेथवर पुढची बाजू जास्त झिजली होती, मागची कमी. दोन्हींतला फरक ०.११ मि.मी. दोन गाइडमधलं अंतर साधारण ३०० मि.मी., आणि चक फिरवणाऱ्या स्पिंडलचा मध्य गाइडपासून २१० मि.मी. उंच. कॅरेज पुढे झुकते, आणि ती जेवढी झुकते त्याच्या प्रमाणात टूलचं टोक ऑपरेटरकडे येतं: ०.११ गुणिले २१० भागिले ३००, म्हणजे ०.०७७ मि.मी. व्यासावर तेच दुप्पट, ०.१५ मि.मी. लांब शाफ्ट टर्न केला तर चकच्या बाजूला तो एवढा जाड राहणार. म्हणून बेड किती झिजला यापेक्षा पुढची आणि मागची बाजू सारखी झिजली का, हे आधी बघावं. दोन्ही गाइड ०.१ ने सारखे झिजलेला लेथ पुष्कळ कामाचा असतो.

मालकाला हे सांगितलं तेव्हा त्याने त्याचे बुश आणून दाखवले. ३०-४० मि.मी. लांबीचे, माप अगदी चोख. त्याचं म्हणणं खरं होतं. एवढ्या आखूड लांबीत झीज जवळपास सारखीच असते, त्यामुळे टेपर, म्हणजे एकीकडे जाड आणि एकीकडे बारीक होणं, जाणवत नाही. त्याच्या कामाला तो लेथ उत्तम होता आणि त्याने सांगितलेला एकही शब्द खोटा नव्हता. भाच्याच्या १०० मि.मी.च्या सिलिंडरला मात्र तो चालला नसता. बोअर एका तोंडाला मोठा आणि दुसऱ्याला लहान आला की पिस्टन एकीकडे अडकतो, एकीकडे वाफ सोडतो. आम्ही आभार मानून निघालो. भाचा वाटभर गप्प होता.

दुसरं यंत्र

लहान लेथ एका बंद शेडमध्ये होता. सेंटरची उंची १५० मि.मी., दोन सेंटरमधलं अंतर ७५०. बेडवर घट्ट झालेलं जुनं तेल होतं, आणि ते बघून मला बरं वाटलं, कारण त्याच्याखाली गंज नव्हता. रॉकेलने पुसल्यावर चकजवळसुद्धा स्क्रेपिंगच्या पुसट खुणा दिसल्या. डायलने पुढची बाजू ०.०३, मागची ०.०१. त्याच वेळी मी मनात ठरवून टाकलं. तरी बाकी सगळं तपासलं, कारण काय काय दुरुस्त करावं लागणार हे कळल्याशिवाय किंमत ठरत नाही.

स्पिंडलपासून सुरुवात केली. इथे एक चूक खूप जण करतात: चकमध्ये बार धरतात, डायल लावतात, आणि चकची खोट स्पिंडलच्या नावावर मांडतात. आम्ही चक उतरवला. स्पिंडलचा जो कॉलर चकला मध्यावर बसवतो, त्यावर डायल लावून हाताने फिरवलं: काटा हलला ०.०१ मि.मी. स्पिंडलच्या निमुळत्या भोकात टेस्ट बार बसवला: तोंडाशी ०.०१, ३०० मि.मी.वर ०.०२. लेथच्या परीक्षेची पद्धतशीर मांडणी जॉर्ज श्लेसिंगर या जर्मन इंजिनिअरने १९२७ मध्ये केली, आणि त्या परंपरेत नव्या लेथसाठी धरलेली मर्यादा हीच आहे. एवढ्या जुन्या यंत्राकडून मला त्याची अपेक्षा नव्हती.

मग चक परत लावून ग्राइंड केलेली पिन धरली. चकच्या जबड्यांच्या, म्हणजे जॉच्या, तोंडाशी ०.०५ आणि १०० मि.मी.वर ०.२. जॉ पुढच्या तोंडाला घंटेसारखे उघडले होते, पिन फक्त मागे पकडत होती. हा दोष चकचा, लेथचा नाही. तो यादीत लिहिला.

स्पिंडल साध्या बुश बेअरिंगवर होता. चकमध्ये ३०० मि.मी.चा जाड बार धरून वर उचलला. डायल मात्र बारवर न लावता स्पिंडलच्या कॉलरवर वरून लावली, कारण बारवर लावली तर बारचं वाकणंही मोजलं जातं. ०.०६ मि.मी. प्ले, म्हणजे ढिलेपणा, निघाला. बेअरिंगच्या टोप्यांखाली शिमच्या पातळ पत्र्या होत्या, म्हणजे काढायला जागा होती. हेही यादीत. क्रॉस स्लाइडच्या हँडलमध्ये ०.४ मि.मी. बॅकलॅश, म्हणजे दिशा बदलताना वाया जाणारी फिरकी. त्याची मला फार फिकीर नव्हती. कट घेताना नेहमी एकाच दिशेने आत यायचं ही सवय असली की बॅकलॅशने माप चुकत नाही, फक्त जास्त मागे घेऊन पुन्हा पुढे यावं लागतं. टेलस्टॉक ०.०४ ने खाली बसला होता, बेसखाली पत्री घालण्याइतकं सोपं काम. टूलपोस्टच्या टी-स्लॉटचे ओठ शाबूत होते, बेडला तडा किंवा वेल्डिंग नव्हतं.

खरी उणीव गिअरच्या पेटीत होती. लीड स्क्रू इंची, एका इंचाला ८ आटे. आट्यांचं माप ठरवणारे चेंज गिअर बहुतेक सगळे होते, १२७ दातांचं मात्र नव्हतं. इंची लेथवर मेट्रिक आटे पाडायचे तर हेच गिअर लागतं, कारण एक इंच म्हणजे २५.४ मि.मी. आणि २५.४ ला पूर्णांकात आणायचं तर १२७ भागिले ५. ८ आट्यांच्या लीड स्क्रूवर १ मि.मी. पिचसाठी (दोन आट्यांमधल्या अंतरासाठी) ४०:१२७, १.२५ ला ५०:१२७, १.५ ला ६०:१२७. पुढे हवं तेवढं वाढवत जा. १२७ हा अविभाज्य आकडा असल्यामुळे तो दुसऱ्या लहान गिअरच्या जोडीतून तयार करता येत नाही. जवळची तडजोड ६३ दातांच्या गिअरने होते. ८०:६३ हे गुणोत्तर १.२७ च्या इतकं जवळ आहे की चूक ०.०१२५ टक्के पडते, म्हणजे १०० मि.मी. लांबीच्या आट्यांत ०.०१३ मि.मी. मॉडेलच्या नट-बोल्टला ती कधी जाणवायची नाही. पेटीत ६३ होतं. तेवढ्यावर काम भागणार होतं.

भाव करताना मी यादीच समोर ठेवली. चक, बेअरिंगचा प्ले, नट, गिअर. विकणाऱ्याने ती वाचली, दोन गोष्टी स्वतः हात लावून पाहिल्या आणि किंमत कमी केली. त्याने वर फोर जॉ चक, जॉब बोल्टने बसवायची फेसप्लेट आणि लांब जॉबला मधे आधार देणारा स्टेडी रेस्ट शेडच्या कोपऱ्यातून काढून दिले. मला त्या तिघांचं मोल बरंच वाटलं. विशेषतः फोर जॉ चकचं, कारण त्यात जॉब डायल लावून हवा तितका अचूक मध्यावर आणता येतो आणि लेथवरच्या उघडलेल्या थ्री जॉ चकची अडचणच उरत नाही.

आणणं आणि बसवणं

वाहतुकीबद्दल थोडंच. लेथचं वजन हेडस्टॉककडे, म्हणजे स्पिंडल असलेल्या टोकाकडे, आणि वरच्या बाजूला असतं, तो पटकन कलतो. कॅरेज आणि टेलस्टॉक दूरच्या टोकाला नेऊन घट्ट केले, पट्टा बेडखालून घेतला आणि लीड स्क्रूला कुठेही टेकणार नाही असा फळीचा आधार दिला. वाकलेला लीड स्क्रू सरळ करणं फार जिकिरीचं. जमिनीवर तो पाइपांच्या तुकड्यांवरून सरकवत नेला, एका वेळी एकच टोक उचलून.

मोटर थ्री फेज, घरात सिंगल फेज. मोटरच्या पाटीवर २३०/४०० व्होल्ट असं होतं, म्हणजे स्टार जोडणीत ४०० आणि डेल्टा जोडणीत २३०. टर्मिनल बॉक्समध्ये सहा टोकं होती. पट्ट्या स्टारवरून डेल्टावर बदलल्या आणि सिंगल फेज घेऊन थ्री फेज देणारा व्हीएफडी लावला. ज्या मोटरच्या पाटीवर फक्त ४०० व्होल्ट डेल्टा असतं तिथे हे जमत नाही, म्हणून पाटीचा फोटो आधीच काढून आणावा. जुना फिरवायचा स्विच मोटर आणि व्हीएफडी यांच्या मधे होता, तो काढून टाकला. चालत्या व्हीएफडीच्या पुढे मोटरची जोडणी तोडली की व्हीएफडीचं नुकसान होऊ शकतं.

आणि इथेच माझ्या देखत एक चूक झाली, ती माझीही आहे. या लेथचा चक स्पिंडलवर आट्यांनी बसतो. भाच्याने व्हीएफडीमध्ये थांबण्याचा वेळ एक सेकंद ठेवला होता, झटकन थांबतं म्हणून त्याला आवडलं. मी बघत होतो आणि बोललो नाही. मिनिटाला ६०० फेऱ्यांवरून थांबवल्यावर स्पिंडल जागेवर थांबला, पण जड चक आपल्या गतीने फिरत राहिला आणि आट्यांवरून सैल होत पुढे आला. दोन-तीन फेरे उलगडून तो थांबला. पूर्ण निघाला असता तर बेडवर आणि मग पायावर पडला असता. आट्यांच्या चकला झटका देणारी ब्रेक आणि उलटी दिशा, दोन्ही चालत नाहीत. थांबण्याचा वेळ आठ सेकंद केला, उलटी दिशा व्हीएफडीमधूनच बंद केली. त्या दिवशी पुढे काहीच काम केलं नाही.

बेअरिंगच्या शिममधल्या पातळ पत्र्या दोन्ही बाजूंनी सारख्या काढून प्ले ०.०२ वर आणला, तेल भरलं, तासभर चालवून हात लावून पाहिलं. कोमट होतं. चटका बसला असता तर पत्री परत घातली असती.

पुढची गोष्ट या सगळ्या प्रकरणात मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. पहिली खरी चाचणी म्हणून ४० मि.मी. व्यासाचा बार टेलस्टॉकचा आधार न देता चकमध्ये धरला, १५० मि.मी. बाहेर. मधला भाग थोडा उतरवून दोन टोकांना दोन कॉलर, म्हणजे जाड कड्या, ठेवले आणि टूलचं सेटिंग न हलवता दोन्हींवर एकच अगदी बारीक कट घेतला. चकजवळचा कॉलर आणि बाहेरचा कॉलर यांच्यात ०.०७ मि.मी. फरक. बाहेरचा जाड.

भाच्याचा चेहरा पडला. त्याला वाटलं हेडस्टॉक वाकडा आहे, आणि त्याने हेडस्टॉकचे बोल्ट सोडायला पाना उचलला. मी त्याचा हात धरला. हेडस्टॉक कारखान्यात बेडवर जुळवून बसवलेला असतो. तो एकदा हलवला की परत जागेवर आणायला अनुभवी हात आणि दिवस जातात. आधी जमीन बघायची. लेथचा बेड बिडाचा असला आणि हाताला दगडासारखा वाटला तरी चार पायांपैकी एक पाव मि.मी. वर-खाली असेल तर तो पिळला जातो, आणि पिळलेला बेड टूलला त्याच्या रेषेवरून बाजूला नेतो. हा दोष बसवण्याचा असतो, यंत्राचा नसतो.

मीटरला ०.०२ मि.मी. दाखवणारी स्पिरिट लेव्हल बेडवर आडवी ठेवली. हेडस्टॉकजवळ आणि टेलस्टॉकजवळ बुडबुडा वेगळ्या जागी थांबला. बाहेरचा कॉलर जाड, म्हणजे बाहेरच्या टोकाला टूल ऑपरेटरकडे सरकतं आहे, म्हणजे तिथे बेड पुढे झुकला आहे. टेलस्टॉककडचा पुढचा पाय सैल करून त्याखाली ०.१ ची पत्री घातली, बोल्ट आवळला, पुन्हा कट घेतला: ०.०४. आणखी एक ०.१ ची पत्री: ०.०१. तिथे थांबलो. एक बोल्ट, दोन पत्र्या आणि तीन कट, एवढ्यात वाकडा वाटणारा लेथ सरळ झाला. तीन आठवड्यांनी पुन्हा तपासलं तेव्हा स्टँड थोडा बसला होता आणि फरक ०.०२ झाला होता. अर्धा तास देऊन परत जुळवला.

पहिल्या सिलिंडरचा बोअर दोन्ही तोंडांना मोजला: १०० मि.मी.त ०.०१ च्या आत. भाच्याने तो मायक्रोमीटर मला दिला आणि पुन्हा स्वतःच्या हाताने मोजायला सांगितला.

आता यादीत फक्त क्रॉस स्लाइडचा नट उरला आहे. त्याचे आटे इंची, डाव्या हाताचे, इंचाला १० आणि अ‍ॅक्मे प्रकारचे, म्हणजे तिरप्या बाजूंच्या दातांचे. इंची लीड स्क्रू असल्यामुळे १२७ ची किंवा ६३ ची गरजच नाही, ४०:५० एवढंच गुणोत्तर पुरतं. त्याने आधी त्याच आट्यांचा टॅप, म्हणजे भोकात आटे पाडायचं हत्यार, बनवला, उष्णता देऊन कडक केला. काशाचा ठोकळा फोर जॉमध्ये धरून त्याला भोक पाडून ठेवलं आहे. टॅपचे आटे पाडताना टूल आत-बाहेर नेत होता तो जुना, ०.४ प्ले असलेलाच नट, आणि नवा नट बसेपर्यंत तोच काम करणार आहे.